उलटी बटणं

अजमत मास्टर भाचीच्या लग्नाला निजामाबादला गेले होते,
म्हणून चौदा शर्ट माझ्याकडे आले.
नाहीतर मी कोण? सेलूच्या स्टेशन रोडवर
फॉल-पिको, ब्लाउज, शाळेचे फ्रॉक.

गज्जू तिजोरी पहिल्या भागातच मेला होता.
मी पाहिलं होतं शालीमारच्या बाल्कनीतून:
छातीत तीन गोळ्या, मग पूल, मग नदी,
आणि पुढच्या रांगेतल्या बाईनं डोळ्याला लावलेला पदर.
आता म्हणे दुसऱ्या भागात जित्ता आहे.
"मेला नव्हता का?" मी विचारलं.
प्रॉडक्शनचा पोरगा म्हणाला, "बॉडी मिली थी क्या?"
खरंय. बॉडी नव्हती मिळाली.

बंद पडलेल्या जिनिंगात सेट लागला.
सरकीच्या गोदामात दुबईचं ऑफिस,
वजनकाट्याच्या खड्ड्यात निळी ताडपत्री, तो स्विमिंग पूल.
चौदा शर्ट, पांढरे, एका मापाचे, सकाळी सातला.
एका माणसाला चौदा कशाला?
तर मरायला.
एक टेक, एक शर्ट. चुकलं की दुसरा.

रात्रभर मशीन. लाईट दोनदा गेली.
उद्धवनं मोबाईलची बॅटरी धरली,
धरता धरताच झोपला,
उजेड सरकत देवाच्या कॅलेंडरवर गेला.

हात आपल्या वळणानं जातो.
एकवीस वर्षं बायकांचं शिवलेलं,
उजवं वर, डावं खाली.
गड्यांचं उलटं असतं
हे नवव्या शर्टाची काजं झाल्यावर ध्यानात आलं.
उसवायला वेळ कुठं होता?
उरलेले पाचही मग तसेच शिवले, जाणूनबुजून.
चूक करायची तर एका मापाची.

सीन असा होता:
जुना भागीदार पिस्तूल रोखून विचारतो,
तू गज्जू कशावरून?
त्यानं शर्ट उघडायचा, तीन वण दाखवायचे.
त्यानं हात नेला.
बटण जिथं असतं तिथं नव्हतं.
बोटं चाचपडली, परतली, पुन्हा गेली.
चाळीस माणसं मारलेला गडी
शाळेच्या पहिल्या दिवशीच्या पोरासारखा
स्वतःच्याच छातीवर बटण हुडकत होता.
डायरेक्टर कट म्हणायचा विसरला.
मग ओरडला, "यही चाहिए था! गज्जू डर गया!"
सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.
मी सुई-दोऱ्याचा डबा घेऊन
लिंबाखाली उभी. तोंडातून शब्द काढला नाही.

पिक्चर लागला शुक्रवारी.
शालीमारला हलगी, गुलाल, पडद्यावर चिल्लर.
इंटरव्हलपर्यंत पोरं नाचली.
इंटरव्हलनंतर खारे दाणे तेवढे संपले.
सोमवारी बाल्कनी उघडलीच नाही.
मोंढ्यात हमाल म्हणाले, पहिल्यात वजन होतं,
ह्यात नुसता बारदाना.
कटिंगवाला गंगाधर म्हणाला,
मेलेल्याला उठवलं की तो आपल्यालाच वळखत नाही.
आणि सेलू? कुठंच नव्हती.
जिनिंगच्या धुराड्यावर अरबीत काहीतरी लिहिलं होतं.

पण तो बटणाचा सीन आला तेव्हा
शिट्ट्या थांबल्या.
पंखे ऐकू आले.
त्याला शिव्या देणारा माणूससुद्धा बाहेर येऊन म्हणाला,
तेवढं एक खरं होतं राव.

फक्त माझ्या शेजारी बसलेली नगमा फसकन हसली,
कोपर मारून कानात म्हणाली,
"आपा, ये तो लेडीज बटन है."
लेडीजच्या दोन रांगा हसल्या मग, हळूच, पदराआड.
खाली गड्यांना वाटलं, आम्हाला कळलंच नाही काही.

बिल अजून यायचंय. व्हाउचर मुंबईला गेलंय म्हणतात.
दोन शर्ट माझ्याकडेच राहिले.
एक कोरा, तो उद्धव घालतो,
रोज सकाळी आरशासमोर अडखळतो, मला हाक मारतो.
दुसऱ्यावरचं रक्त धुऊन निघत नाही.
साखरेचा पाक आणि रंग.
खुंटीला लावला तर
छातीतल्या भोकाशी मुंग्यांची रांग,
खिशापर्यंत जाते, परत येते.